स्टेडियम डाउनटाउनमध्ये हवं का? 2 एप्रिलला हो म्हणू की नाही?

मिझूरीकर | 18 मार्च 2024

कॅन्सस सिटीत आमचं हे सतरावं वर्ष. (हो, मिझूरीतलीच कॅन्सस सिटी. "म्हणजे ते वादळवालं राज्य ना?" असं विचारणाऱ्याला धाग्यावरून हद्दपार केलं जाईल.)

2 एप्रिलला आमच्या जॅक्सन काउंटीत मतदान आहे आणि मी अजून कुंपणावर बसलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावाबाहेर आठेक मैलांवर, दोन हायवे मिळतात तिथे आमची दोन स्टेडियमं शेजारी शेजारी उभी आहेत. अमेरिकन फुटबॉलवाल्या चीफ्सचं ॲरोहेड 1972 चं, बेसबॉलवाल्या रॉयल्सचं कॉफमन 1973 चं. भोवती नजर पोचेल तिथवर पार्किंग. 2006 मध्ये दोन्हींच्या नूतनीकरणासाठी लोकांनी डॉलरमागे 3/8 सेंट सेल्स टॅक्स मंजूर केला. तो 2031 पर्यंत चालायचाय. आता म्हणतात तो रद्द करू आणि तेवढाच टॅक्स नव्याने 40 वर्षांसाठी लावू. त्यातून चीफ्स ॲरोहेडची डागडुजी करणार आणि रॉयल्स डाउनटाउनला लागून असलेल्या क्रॉसरोड्स भागात नवं स्टेडियम बांधणार.

मी रॉयल्सचा भक्त आहे. 2015 ला वर्ल्ड सीरीज जिंकली तेव्हा मुलीला खांद्यावर घेऊन मिरवणुकीत चार तास उभा होतो, मान आठवडाभर धरली होती. आणि डाउनटाउनही माझं लाडकं. आम्ही आलो तेव्हा संध्याकाळी सहानंतर तिथे चिटपाखरू नसायचं. आज लोक राहतात, फुकट स्ट्रीटकार धावते, रात्री दिवे दिसतात. म्हणजे टीम आवडते, जागा आवडते, मग हो म्हणायला काय हरकत?

पण हात अडतोय. आधी कित्येक महिने आम्हाला दोन जागा दाखवल्या, एक ईस्ट व्हिलेज आणि दुसरी नदीपलीकडची. 13 फेब्रुवारीला जाहीर झाली तिसरीच. बरोबर सात आठवड्यांनी मतदान! स्थळ दाखवलं एक आणि मांडवात उभं राहिलं दुसरंच. टीमशी भाडेकरार काय होणार, किती दुकानं हलणार, कुणाला किती पैसे मिळणार, यातलं काहीच धड कागदावर नाही. सही मात्र चाळीस वर्षांची मागतायत.

तुमच्या शहरात असं काही झालंय का? स्टेडियममुळे डाउनटाउन खरंच सुधारतं का?

---

खडूस_काका | 18 मार्च

शंभर डॉलरच्या खरेदीवर साडेसदतीस सेंट. त्यासाठी एवढा मोठा धागा? द्या आणि मॅच बघा.

---

अनुस्वार | 18 मार्च

काका, तो साडेसदतीस सेंटच तर गंमत करतो. घरटी वर्षाला 20,000 डॉलरची करपात्र खरेदी धरली तर वर्षाचे 75, चाळीस वर्षांचे 3,000. आणि मिझूरीत राज्याने किराण्यावरचा आपला कर कमी ठेवला असला तरी काउंटीचा कर किराण्यावर पुरेपूर लागतो. म्हणजे जिचं अख्खं उत्पन्न दूध, अंडी, डायपरवर जातं ती बाई, आणि स्टेडियमच्या महागड्या बॉक्समध्ये बसणारा माणूस, दोघंही एकाच दराने भरणार. तिचा पगारातला वाटा जास्त जाणार, आणि तिला तिकीट परवडेलच असं नाही.

---

खडूस_काका | 18 मार्च

बरं बुवा. पॉपकॉर्न घेऊन बसतो. त्यावरही टॅक्स लावा.

---

बे_एरियाची_बाय | 19 मार्च

मिझूरीकर, तुमच्या शहराचा आमच्यावर एक जुना हिशेब आहे. ओकलंडचे बेसबॉलवाले ए'ज मूळचे फिलाडेल्फियाचे. 1955 ला ते तुमच्याकडे आले, 1967 चा सीझन संपल्यावर आमच्याकडे. आता लास व्हेगासला निघालेत. बास्केटबॉलवाले वॉरियर्स 2019 ला खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलवाले रेडर्स 2020 ला व्हेगासला. पाच वर्षांत घर रिकामं.

टीम गेल्याचं दुःख खरं असतं, त्याला हसू नका. माझ्या शेजारचे आजोबा अजून रेडिओवर मॅच लावतात आणि मधेच बंद करतात. पण खाडीपलीकडचं उदाहरणही बघा. तिथल्या बेसबॉलवाल्या जायंट्सनी 2000 साली पाण्याकाठी स्टेडियम बांधलं ते मुख्यतः खाजगी पैशातून. त्याआधी तिथल्या मतदारांनी सरकारी पैशाच्या योजना एकदा नव्हे, अनेकदा पाडल्या होत्या. तेव्हाही "टीम जाणार" हीच ओरड होती.

---

मिझूरीकर | 19 मार्च

बाय, ए'ज गेल्यावर आमच्या सिनेटर सायमिंग्टननी बेसबॉल लीगची मान धरली होती. मक्तेदारीविरोधी कायद्यातून लीगला मिळालेली सूट काढून घेऊ अशी धमकी दिली. त्यातून 1969 ला रॉयल्स जन्माला आले. आमच्याकडे धमक्या दोन्ही बाजूंनी चालतात!

आणि खाजगीवरून आठवलं. परवाच, 16 मार्चला इथे नदीकाठी बायकांच्या फुटबॉल (आपला फुटबॉल, त्यांचा सॉकर) टीमचं स्टेडियम सुरू झालं. खास व्यावसायिक महिला टीमसाठी बांधलेलं जगातलं पहिलं. बहुतेक पैसा मालकांचा. 11,500 खुर्च्या, डाउनटाउनपासून हाकेच्या अंतरावर. ते होऊ शकतं तर हे का नाही, हा प्रश्न सध्या प्रत्येक पार्टीत निघतो.

---

सावंत_सेंट_लुईस | 19 मार्च

मी उलट सांगतो. आमचे फुटबॉलवाले रॅम्स 2016 ला लॉस एंजेलिसला गेले तेव्हा आम्हीही म्हणायचो, गेले तर गेले. नंतर कळलं काय गेलं ते. रविवारी ऑफिसातले चार देशांचे लोक एका भाषेत बोलायचे, ती भाषा गेली. आकडेमोडीत हे येत नाही. हो म्हणा, नंतर रडू नका.

---

अनुस्वार | 19 मार्च

सावंतसाहेब, तुमच्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगा की. फुटबॉल टीम आणायला बांधलेल्या डोमचं (छतवाल्या स्टेडियमचं) कर्ज टीम गेल्यावरही कित्येक वर्षं तुम्हीच फेडत होता ना? आणि टीम जाण्याची वाट त्या करारानेच उघडली होती: डोम पहिल्या दर्जाचा राहिला नाही तर टीम मोकळी. 1995 ला उघडलेला डोम वीस वर्षांत "जुना" झाला.

---

सावंत_सेंट_लुईस | 19 मार्च

मान्य. पण टीम हलवल्याबद्दल नंतर 2021 ला फुटबॉल लीगकडून 79 कोटी डॉलर वसूल केले हेही लिहा! (कोर्टातून. मैदानावर कधी एवढं जिंकलो नव्हतो.)

---

सिनसिनाटीची_सिंधू | 20 मार्च

करार नीट वाचायचा म्हणताय तर आमच्याकडे या. 1996 ला हॅमिल्टन काउंटीत अर्ध्या सेंटचा सेल्स टॅक्स मंजूर झाला. फुटबॉल आणि बेसबॉल दोघांना नवी स्टेडियमं, वर घरमालकांना मालमत्ता करात सूट असं गाजर. पुढे पैसे पुरेनात, सूट कापली गेली, काउंटीला आपलं एक इस्पितळ विकावं लागलं. फुटबॉल टीमच्या करारात तर यादीच होती, कुठली यंत्रणा नवी आली की काउंटीने ती बसवून द्यायची. त्यात हवेत त्रिमितीय रीप्ले दाखवणारं यंत्रही होतं, जे तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

पण नदीकाठ आता खरंच सुंदर झालाय. रविवारी आम्ही तिथेच असतो. हेही खरं, तेही खरं.

---

पुणेरी_पाटी | 20 मार्च

आमच्याकडे हा वादच नाही. स्टेडियम गहुंज्याला बांधलं, ते पुण्यात आहे की लोणावळ्यात यावर मॅचभर चर्चा करता येते. मॅच सुटल्यावर एक्सप्रेसवेवर अडकलेल्यांसाठी वेगळा धागा काढावा.

---

चर्चगेट_फास्ट | 20 मार्च

पाटी, म्हणून तर वानखेडे! एका बाजूला चर्चगेट, दुसरीकडे मरीन लाइन्स. पार्किंग जवळजवळ शून्य, आणि मॅच सुटल्यावर तासाभरात मैदान रिकामं. मुळात ते उभं राहिलं तेच जवळच्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या सीटांच्या भांडणातून. असोसिएशनला जास्त सीटा हव्या होत्या, क्लब देईना. मग हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम बांधलं, 1975 ला तिथे टेस्टही झाली. भांडणातून मालमत्ता निर्माण करणं आपल्याला जमतं.

अवांतर सोडून मुद्दा: गावात स्टेडियम चालतं ते लोकल असते म्हणून. मिझूरीकर, तुमच्याकडे लोक येणार कसे?

---

मिझूरीकर | 20 मार्च

नेमका तिथेच बोट ठेवलंत. स्ट्रीटकार आहे, 2016 पासून, आणि क्रॉसरोड्समधून जाते. पण ती दोनेक मैलांची रेघ. बाकी सगळे गाडीनेच येणार. आणि इथे मॅचआधी पार्किंगमध्ये डिकी उघडून, शेगडी पेटवून तासन् तास जेवणं चालतात. तो निम्मा उत्सव आहे. डाउनटाउनच्या पार्किंग इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोण शेगडी पेटवू देणार?

---

डेन्व्हरचा_दगडू | 21 मार्च

सगळे नन्नाचा पाढा लावतायत म्हणून सांगतो, आमच्याकडे झालंय चांगलं. कूर्स फील्ड 1995 चं, जुन्या गोदामांच्या भागात. मॅचच्या आधी-नंतर पायी हिंडणारी गर्दी बघायला या. बेसबॉलचे घरचे 81 सामने असतात, फुटबॉलचे आठ-नऊ. म्हणून गावात आणायचंच तर बेसबॉल आणा, यात लॉजिक आहे.

---

चष्मिष्ट | 21 मार्च

दगडूशेठ, पण तुमचा तो गोदामांचा भाग 1988 लाच वारसा विभाग म्हणून जाहीर झाला होता. इमारती वाचल्या, त्यात लोक आणि गॅलऱ्या आल्या, आणि मग स्टेडियम आलं. कोंबडा आरवल्याने उजाडलं असं म्हणताय का?

---

डेन्व्हरचा_दगडू | 21 मार्च

उजाडत होतं हे मान्य. पण कोंबड्याने झोपलेल्यांना उठवलं हे तुम्हीही मान्य करा. आणि आमच्याकडे बरीचशी जागा रेल्वेच्या यार्डाची होती, चालती दुकानं पाडली नाहीत. मिझूरीकरांच्या क्रॉसरोड्सचं तसं नाही, एवढा फरक मी देतो.

---

रंगपेटी | 22 मार्च

हा धागा वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण दगडूंच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहिते.

मी क्रॉसरोड्समध्ये काम करते. छोटा स्टुडिओ, तीन जणींनी भाड्याने घेतलेला. नकाशा आला त्या दिवशी आमची इमारत रेघेच्या आत की बाहेर हे बघायला आम्ही फोनवर चित्र मोठं करत बसलो होतो. रेघ जाड होती आणि आम्ही बरोबर तिच्याखाली. घरमालकाला विचारलं तर तो म्हणाला, मलाही टीव्हीवरच कळलं.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी इथे गॅलऱ्या रात्री उघड्या असतात. हजारो लोक नुसते हिंडतात. ही जत्रा कुठल्या आराखड्यातून आली नाही. नव्वदच्या दशकात गोदामं ओस होती, भाडं किरकोळ होतं, म्हणून चित्रकार आले. त्यांच्या मागून कॉफी आली, मग बार, मग वकील. (वकील आले की समजायचं आता आपली जायची वेळ झाली.) स्टेडियमसाठी निवडलेल्या जागेत वर्तमानपत्राच्या छपाईची ती भलीमोठी काचेची इमारत आहे, ती रिकामीच आहे. तेवढीच घेतली असती तर मीच हो म्हटलं असतं. पण स्टेडियम तेवढ्यात मावत नाही.

"तुम्हाला नुकसानभरपाई मिळेल" असं सगळे म्हणतात. इमारत ज्याची त्याला मिळेल. भाडेकरूला काय, शुभेच्छा?

---

खडूस_काका | 22 मार्च

रंगपेटी, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

---

सिव्हिलवाला | 22 मार्च

मला कुणी सांगेल का, कॉफमन मुळात सोडायचं का? बातम्यांत "काँक्रीटचा कॅन्सर" हा शब्द फिरतोय म्हणून लिहितो. सिमेंटमधली अल्कली आणि खडी-वाळूतली विशिष्ट प्रकारची सिलिका यांची प्रक्रिया होऊन एक जेल तयार होतं. ते पाणी शोषतं, फुगतं, आणि काँक्रीटला आतून तडे जातात. जाळीसारख्या भेगा दिसतात. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं-वितळतं तिथे तडे आणखी रुंदावतात. प्रक्रिया पूर्ण थांबवणं अवघड, पण पाणी आत जाऊ न देणं, भेगा सील करणं, काही भाग बदलणं असे उपाय असतात. पुलांवर आणि धरणांवर आम्ही हेच करतो. धरण कुणी डाउनटाउनमध्ये हलवत नाही.

नमुने काढून तपासल्याशिवाय कुठल्याही बाजूने बोलणं चूक. पण "कॅन्सर" हा शब्द इंजिनियरने नव्हे, प्रचारवाल्याने निवडलेला वाटतो. इलाजाआधीच तेराव्याची तयारी.

---

अनुस्वार | 23 मार्च

मूळ प्रश्नावर परत येतो: स्टेडियममुळे डाउनटाउन सुधारतं का? या विषयावर अर्थतज्ज्ञांत जेवढं एकमत आहे तेवढं क्वचित असतं. सरकारी खर्चाच्या मानाने शहराला मिळणारा फायदा फारच तोकडा. कारण साधं आहे. घरटी करमणुकीचं बजेट ठरलेलं असतं. रॉयल्सवर शंभर डॉलर गेले की ते सिनेमा, बोलिंग किंवा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कमी होतात. पैसा नवा येत नाही, खिसा बदलतो. खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग तर शहराबाहेरच जातो. (इथे एक सूट: कॅन्सस सिटी 1 टक्का मिळकत कर लावते आणि तो बाहेरून खेळायला आलेल्यांनाही लागतो. तेवढं जमेला धरा.)

आणखी एक गंमत 1986 च्या कर कायद्याची. शहराने स्टेडियमसाठी काढलेल्या कर्जरोख्यांवर करमुक्त व्याज हवं असेल तर कर्जफेडीचा 10 टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्या उत्पन्नातून येता कामा नये, असा नियम झाला. हेतू होता सरकारी पैसा थांबवण्याचा. झालं उलटं: सूट टिकवायला शहरांनी टीमकडून भाडंच कमी घेतलं आणि उरलेलं जनतेवर टाकलं. कुलूप लावलं आणि चोराला किल्लीही दिली.

---

मिझूरीकर | 24 मार्च

यात एक नाव सांगायचं राहिलं. आमचे काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचे निवडून आलेले प्रमुख, फ्रँक व्हाइट. रॉयल्सचे सेकंड बेसमन, 18 सीझन एकाच टीममध्ये, आठ गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). तरुणपणी त्यांनी कॉफमन स्टेडियमच्या बांधकामावर मजुरी केली आहे, आणि त्याच स्टेडियमच्या आवारात आज त्यांचा पुतळा आहे. या माणसाने जानेवारीत हा प्रस्ताव व्हेटो केला! काउंटीच्या सदस्यांनी तो फिरवला म्हणून मतदान होतंय. ज्याचे हात त्या काँक्रीटला लागलेत तोच थांबा म्हणतो, तेव्हा मी जरा थांबतो.

---

चर्चगेट_फास्ट | 24 मार्च

हे म्हणजे गावसकरांनी वानखेडेच्या विरोधात सही करण्यासारखं झालं. जबरदस्त.

---

मिझूरीकर | 29 मार्च

ताजी खबर. आधी म्हणत होते ओक स्ट्रीट बंद करावा लागेल, त्याशिवाय स्टेडियम बसतच नाही. आता म्हणे नाही लागणार. मतदानाला चार दिवस राहिलेत आणि नकाशातला रस्ता परत आलाय.

---

पुणेरी_पाटी | 29 मार्च

रस्ता अचानक परत येणं ही अमेरिकेची प्रगती आहे. आमचे फक्त जातात.

---

मिझूरीकर | 3 एप्रिल

निकाल: सुमारे 58 टक्के नाही, 42 टक्के हो.

मी नाही म्हटलं. बूथमधून बाहेर आलो तेव्हा अंगात रॉयल्सचाच निळा शर्ट होता, मुद्दाम घातलेला. दारात एक आजी भेटल्या, त्यांच्याही अंगात तोच. आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. मी स्टेडियमला नाही म्हटलेलं नाही. कोऱ्या कागदाला म्हटलंय. टीम टिकवायची का आणि डाउनटाउन कसं वाढवायचं, हे दोन वेगळे प्रश्न एका चौकटीत कोंबले आणि खाली "नाहीतर" लिहिलं. त्या "नाहीतर"चा मला राग आला.

---

रंगपेटी | 3 एप्रिल

आज स्टुडिओत केक कापला. मग लक्षात आलं, भाडेकरार तरी कुठे चाळीस वर्षांचा आहे, डिसेंबरपर्यंतच आहे.

---

सावंत_सेंट_लुईस | 22 जून 2024

धागा वर काढतोय. पलीकडच्या कॅन्सस राज्याने खास अधिवेशन घेऊन कायदा केला. स्टेडियमच्या खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत पैसा सरकारी रोख्यांतून. सांगितलं होतं.

---

चष्मिष्ट | 22 जून

आणि 2019 ला दोन्ही राज्यांनी एकमेकांचे उद्योग पळवणार नाही असा तह केला होता ना? सीमारेषेवरचे सख्खे शेजारी. तह कागदावरच, बाकी आट्यापाट्याच चालल्यात.

---

सावंत_सेंट_लुईस | 23 डिसेंबर 2025

पुन्हा वर काढतोय, माफ करा. चीफ्स निघाले. कॅन्ससमध्ये, वायन्डॉट काउंटीत, 2031 साठी छतवालं नवं स्टेडियम. मधल्या काळात मिझूरीनेही निम्म्या खर्चापर्यंत मदतीचा कायदा केला होता, तरी गेले. मिझूरीकर, पश्चात्ताप?

---

मिझूरीकर | 24 डिसेंबर 2025

काल दिवसभर फोन वाजत होता, सगळ्यांचा हाच प्रश्न.

वाईट वाटलं. ॲरोहेडच्या आरड्याओरड्यात माझे कान दोनदा बसलेत, ते सोडून जाणं सोपं नाही. पण बघा, ज्यांना डाउनटाउनला यायचंच नव्हतं ते गेले. एकाच मतपत्रिकेवर दोघांना बसवल्याचा हाच तोटा. छताचं म्हणाल तर 2006 ला ॲरोहेड-कॉफमनवर सरकणारं छत टाकायचा प्रस्ताव आम्हीच पाडला होता, वेगळ्या प्रश्नात. तेव्हा मी इथे नव्हतो, माझं नाव घेऊ नका. फ्रँक व्हाइटनाही सप्टेंबरात लोकांनी पदावरून काढलं, मालमत्ता कराच्या रागातून. पुतळ्याचे हात आणि खुर्चीचे पाय वेगवेगळे असतात.

मला परत विचारलं तर? त्या कागदावर परत नाहीच. पूर्ण लिहिलेला कागद आणला असता तर कदाचित हो. सावंत, तुम्ही म्हणाला होता ती रविवारची भाषा जाईल, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

चर्चगेट_फास्ट | 24 डिसेंबर

आणि डाउनटाउन?

---

मिझूरीकर | 24 डिसेंबर

ऑक्टोबरात स्ट्रीटकार दक्षिणेला युनिव्हर्सिटीपर्यंत वाढवली. आता ती आमच्या बाजूला येते, अजून फुकट. त्या 2015 च्या मिरवणुकीतली पोरगी आता एकटी बसून क्रॉसरोड्सला जाते, पहिल्या शुक्रवारी. मला बरोबर नेत नाही.

---

रंगपेटी | 24 डिसेंबर

तिला सांगा, स्टुडिओ दोन गल्ल्या पुढे हलवलाय. भाडं वाढलं. स्टेडियमशिवायच.